सरकी कोणाची?

मनमाडहून सिकंदराबादकडे निघालेली गाडी नांदेड सोडते, मुगट मागे टाकते आणि थोड्याच वेळात मुदखेडच्या फलाटाला लागते. येथून एक फाटा भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे वळतो आणि मूळ मार्ग उमरी-धर्माबादवरून तेलंगणात उतरतो. गाव तसे लहानच. परंतु जंक्शनचा मान त्याला आगगाडीने दिला, तो आजवर टिकून आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून ही मीटरगेज घातली गेली आणि मराठवाड्याच्या काळ्या रानातील रुई मुंबईच्या वाटेला लागली. आता मीटरगेज गेली, कोळशाचे इंजिन गेले. फलाटावर पहाटे दिसतात त्या फुलांच्या करंड्या आणि फलाटाबाहेर हळदीच्या व सोयाबीनच्या गोष्टी. कापसाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. तीच आज वाचकांना सांगायची आहे.

मृग लागायला दोन-चार दिवस उरले होते. बाकावर माझ्याशेजारी एक वृद्ध शेतकरी बसले होते. डोक्याला पटका, पायात धुळीने माखलेली वहाण आणि मांडीवर एक कापडी पिशवी. पिशवी त्यांनी अशी धरली होती, की जणू तिच्यात लग्नाचे दागिनेच असावेत.

"मामा, काय खरेदी केली?" मी विचारले.

"सरकी हाये साहेब." त्यांनी पिशवीचे तोंड उघडून दाखविले. आत रंगीबेरंगी पुड्या होत्या. "एकराला दोन पुड्या लागतात. नऊशेच्या घरात एक पुडी. पाऊस न्हाई आला तर दुसऱ्यांदा टोबायची, म्हंजी दुसऱ्यांदा पैसे."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी?" म्हातारबुवा हसले. "आमच्या बापाच्या टायमाला सरकी इकत कोण घेत व्हतं? घरच्या कापसाची घरची सरकी. शेणात घोळायची, उन्हात वाळवायची, अन् पेरायची. सरकी इकत घेणारा म्हंजी कर्मदरिद्री, अशी गावात बोलणी व्हायची. आता समदा गावच कर्मदरिद्री झाला म्हणा ना!"

गाडी आली, म्हातारबुवा निघून गेले. परंतु त्यांचे वाक्य काही डोक्यातून जाईना. विज्ञानाने ज्या शेतकऱ्याचे उत्पन्न वाढविले, त्याच शेतकऱ्याच्या हातून त्याचे बियाणे कसे गेले? आणि ज्या देशाने विज्ञानाचे धोरण मोठ्या गांभीर्याने लिहून काढले, त्या देशात हे घडले कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधायला दिल्लीला जाण्याचे कारण नाही. मुदखेडपासून नांदेडचे कापूस संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. सारे नाटक तेथेच घडले आहे.

ठरावातील तीन गोष्टी

प्रथम धोरणाचे पाहू. ४ मार्च १९५८ रोजी भारत सरकारने विज्ञानविषयक धोरणाचा ठराव केला. त्यामागे पंडित नेहरूंची श्रद्धा होती आणि डॉ. होमी भाभांसारख्या शास्त्रज्ञांचा विचार होता. ठरावातील मुख्य मुद्दा मोठा नेटका आहे. राष्ट्राची भरभराट तीन गोष्टींच्या मेळावर अवलंबून असते. एक तंत्र, दुसरा कच्चा माल आणि तिसरे भांडवल. या तिन्हींत तंत्र हे बहुधा सर्वांत महत्त्वाचे. कारण नवे तंत्र हाती असले, तर निसर्गाने दिलेल्या मालाची उणीव भरून काढता येते आणि भांडवलाची गरजही कमी होते.

ही तीन सूत्रे मुदखेडच्या रानाला लावून पाहा. कच्चा माल येथे भरपूर होता. काळी जमीन आणि तीत पिकणारा कापूस. भांडवल थोडेफार आले; नांदेडला उस्मानशाही गिरणी उभी राहिली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. राहिले तंत्र. ते येथे नव्हते असे नाही. परंतु ते कोणाच्या हाती राहावे, याचा विचार मात्र ठरावात कोठे फारसा आढळत नाही. सारी ग्यानबाची मेख तेथे आहे.

पुढे १९८३ साली तंत्रविद्येचे स्वतंत्र धोरण जाहीर झाले. परदेशातून तंत्र आणावे, पण ते पचवावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा त्याचा आशय होता. २००३ साली तिसरे धोरण आले, २०१३ साली चौथे. या शेवटच्या दोहोंनी सांगितले, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा दोन एवढा खर्च संशोधनावर झाला पाहिजे. प्रत्यक्षात २०२०-२१ साली तो खर्च शेकडा ०.६४ इतका होता. त्याच सुमारास चीनचा खर्च शेकडा अडीचच्या जवळ, दक्षिण कोरियाचा साडेचारच्या वर आणि इस्राएलचा पाचाच्या वर होता. आपल्या घरात एखाद्याने दरवर्षी 'यंदा विहीर खणू' म्हणावे आणि दरवर्षी पहारीचा दांडाच तेवढा बदलावा, तशातला हा प्रकार!

परंतु आकड्यांनी माणसाचे मन हलत नाही. म्हणून आपण पुन्हा कापसाकडे वळू.

गावरानी

या भागाचा जुना कापूस म्हणजे गावरानी. झाड काटक, मूळ खोल, पावसाने ताण दिला तरी मान टाकायचे नाही, मावा-तुडतुड्यांना दाद द्यायचे नाही. देशी कापसांत त्याच्या रुईचा लौकिक मोठा होता. हलक्या जातीचा कापूस त्यात मिसळू नये म्हणून निजामी राज्यात कायद्याचा बंदोबस्तही करण्यात आला होता. नांदेडच्या केंद्रात गावरानीच्या निवडक झाडांपासून सुधारित वाण काढले गेले. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील रुई कातून, तिचे किती नंबरी सूत निघते आणि ते किती मजबूत असते, हे मोजून सांगत. त्या वेळचे संशोधन असे गिरणीच्या चातीपासून शेताच्या बांधापर्यंत सरळ रेषेत चालत होते.

यातले वर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. संशोधकाने सुधारलेला वाण शेतकऱ्याने एकदा नेला, की तो त्याचा झाला. पुढच्या वर्षी त्याच कापसाची सरकी काढून त्याला पेरता येत असे. सरकारचा खर्च एकदाच, आणि फायदा पिढ्यान् पिढ्या.

फाळणी झाली आणि चित्र पालटले. लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाचे पंजाब-सिंधमधील पाणभरते मुलूख पाकिस्तानात गेले. गिरण्या मात्र मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. गिरणीला लांब धागा हवा आणि देशी कापसाचा धागा आखूड. परदेशातून रुई आणावी, तर परकीय चलनाचा दुष्काळ. तेव्हा अमेरिकन जातीचा कापूस आपल्याच रानात, आपल्याच पावसावर पिकविणे हे राष्ट्रीय काम होऊन बसले. देशी आणि अमेरिकन यांचे गोत्रच वेगळे. देशी कापसाच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रे, अमेरिकनाच्या पेशीत बावन्न. त्यामुळे दोघांचा संकर सहजासहजी होत नाही. म्हणून गावरानी हळूहळू मागे पडत गेला आणि शास्त्रज्ञ अमेरिकन जातींच्या आपसांतील संकराकडे वळले.

नांदेड ४४

१९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' नावाचा संकरित कापूस काढला. व्यापारी प्रमाणावर पिकविलेला हा जगातील पहिला संकरित कापूस. अमेरिका आणि रशिया यांसारख्या बलाढ्य देशांना जे साधले नव्हते, ते सुरतेच्या शेतावर साधले. कारण मोठे गमतीचे आहे. कापसाचे फूल उभयलिंगी. संकर करायचा तर आदल्या सायंकाळी प्रत्येक कळीतील पुंकेसर चिमटून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग हाताने तिच्यावर लावायचे. एका एकरात अशा हजारो कळ्या. हे काम यंत्राला जमत नाही. बाईच्या बोटांना जमते. ज्या देशात हात स्वस्त, तेथेच हा संकर परवडावा! या स्वस्त हातांत पुढे कित्येक ठिकाणी कोवळ्या मुलींचेही हात गुंतले, ही त्या यशाची काळी बाजूही सांगून ठेवली पाहिजे.

नांदेडचे केंद्र मागे राहिले नाही. १९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईक यांचे नाव त्याला २०१३ साली देण्यात आले. नांदेडचे हे केंद्र त्या विद्यापीठाचे. १९८४ च्या सुमारास या केंद्राने 'एन-एच-एच ४४' हा संकरित वाण दिला. शेतकऱ्यांनी त्याचे नाव सुटसुटीत केले: 'नांदेड ४४'. त्याची आई 'बिकानेरी नरमा' आणि बाप 'एसी ७३८'. आईचे नाव ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे.

नांदेड ४४ ने कोरडवाहू शेतकऱ्याला जिंकून घेतले. खते कमी पडली, पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली, तरी हे झाड सावरते असा अनुभव आला. मराठवाडा-विदर्भाच्या सीमा ओलांडून तो शेजारच्या राज्यांतही गेला. मोंढ्यात बियाण्याच्या दुकानी नांदेडचे नाव घेऊन माणसे रांगा लावीत. मुदखेड-भोकरच्या शेतकऱ्याला त्याचा केवढा अभिमान! सरकारच्या पगारी शास्त्रज्ञांनी, सरकारच्या शेतावर, येथल्याच माणसांसाठी काढलेला हा वाण होता. १९५८ च्या ठरावातील स्वप्न जर कोठे जमिनीवर उतरले असेल, तर ते येथे उतरले.

परंतु सरकीची मालकी मात्र येथेच हलली. संकरित कापसाची सरकी घरी ठेवून पेरता येत नाही. पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत फाटतो. एक झाड आईवर जाते, एक बापावर, एक कोणावरच नाही. म्हणून दरसाल नवी पुडी घेणे आले. तरीही नांदेड ४४ ची जन्मदात्री सरकारी संस्था होती. त्याचे आईबाप सरकारच्या हाती होते, सरकारी महामंडळ आणि खाजगी दुकानदार दोघेही बियाणे विकीत, आणि म्हणून भाव आवाक्यात राही. दार बंद झाले होते, पण किल्ली अजून घरातच होती.

जंतूतील जनुक

मग आली बोंडअळी. १९८० नंतर नवी जहाल कीटकनाशके आली. पहिल्या वर्षी त्यांनी जादू केली, पाचव्या वर्षी अळी त्यांना सरावली, दहाव्या वर्षी ती फवाऱ्याखालीही निवांत बोंडे पोखरू लागली. शेतकरी फवाऱ्यांवर फवारे मारीत गेला आणि कर्जात बुडत गेला. १९९७-९८ साली शेजारच्या तेलंगणात, वरंगळ भागात, कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला.

अशा वेळी बीटी कापसाचे नाव ऐकू येऊ लागले. ही बीटी काय भानगड आहे? जमिनीत एक जंतू असतो. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरू लागले, तेव्हा त्याचा पहिला पत्ता लागला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांताच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. हा जंतू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेले, की तिच्या आतड्याला भोके पडतात. माणसाला वा गुराला त्याचा तसा उपद्रव होत नाही. हे प्रथिन बनविण्याची आज्ञा देणारे जनुक शास्त्रज्ञांनी त्या जंतूतून उचलून कापसाच्या झाडात बसविले. झाडच स्वतःचा फवारा स्वतः बाळगू लागले!

हे काम केले अमेरिकन कंपनीने, आणि ते भारतात आणले तिच्याशी हातमिळवणी करून आपल्याच मराठवाड्यातील जालन्याच्या 'महिको' कंपनीने. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या या कंपनीला बीजोत्पादनाचा दीर्घ अनुभव होता. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने तीन बीटी वाणांना परवानगी दिली.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. बीटी कापसाने प्रथम दिलेला फायदा खरा होता. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारे घटले. देशाचे उत्पादन २००२-०३ साली १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ साली ३९८ लाख गाठींवर गेले. सारे श्रेय त्या एका जनुकाचे नव्हे. गुजरातेतील पाणी, नवी खते, नवे क्षेत्र यांचाही त्यात वाटा आहे. परंतु वाटा होता, हे नाकारता येत नाही. रुई आयात करणारा देश तिची निर्यात करू लागला.

मग तक्रार कसली? तक्रार एवढीच, की आता किल्लीही घराबाहेर गेली. पुडीच्या किमतीत जनुकाचे भाडे आले. आरंभी ४५० ग्रॅमच्या पुडीला सोळाशे रुपयांच्या वर पडत. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे गाऱ्हाणे नेले, तेव्हा ती किंमत साडेसातशेच्या आसपास उतरली. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राला दरनियंत्रणाचा हुकूमच काढावा लागला. ज्या तंत्राचा भाव कोर्टकचेऱ्यांत ठरतो, ते तंत्र आपले नव्हे, हे वेगळे सांगायला हवे काय?

आणि नांदेड ४४? त्याच्यात बीटी जनुक नव्हते. दहा वर्षांत देशातील शेकडा नव्वदांहून अधिक कापूस बीटी झाला आणि नांदेडचा लाडका वाण दुकानातून दिसेनासा झाला.

बैल गेला नि...

चीननेही १९९७ च्या सुमारास परदेशी बीटी कापूस आपल्या रानात येऊ दिला. परंतु त्याच वेळी तेथल्या सरकारी कृषी संस्थेने स्वतःचे जनुक, स्वतःचे वाण पुढे आणले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक क्षेत्र त्यांनी व्यापले. आपल्याकडे तसे कोणाच्या मनात आले नाही काय? आले होते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दिल्लीचे वनस्पती-जैवतंत्र केंद्र आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून सरकारी बीटी कापूस तयार करायला घेतला. त्यांनी जनुक कोठे बसवावे? 'बिकानेरी नरमा'त, म्हणजे आपल्या नांदेड ४४ च्या आईत! आई बीटी झाली, की तिच्यापासून नांदेड ४४ ही बीटी करता येणार होता. आणि बिकानेरी नरमा हा सरळ वाण, संकर नव्हे. त्याची सरकी शेतकऱ्याला घरी ठेवून पुन्हा पेरता आली असती. म्हातारबुवांच्या बापाचे दिवस बीटीच्या रूपाने परत आले असते.

२००८ साली त्याला परवानगी मिळाली. २००९ च्या हंगामात बियाणे शेतकऱ्यांपर्यंत गेले. नांदेड ४४ चा बीटी अवतारही मंजूर झाला. आणि त्याच वर्षी सारे थांबले. सरकारी बियाण्यात त्या अमेरिकन कंपनीच्याच जनुकरचनेची भेसळ असल्याचे दिसून आले होते. विक्री बंद झाली. डॉ. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तिने कामातील ढिलाईवर बोट ठेवले. पण तोवर तीन-चार वर्षे उलटून गेली होती. बैल गेला नि झोपा केला!

ही चूक एका माणसाची, की एका संस्थेची, या वादात येथे पडायचे नाही. मला त्यात दिसतो तो धोरणाचा दोष. जे काम दहा वर्षांच्या नेटाने, पुरेशा माणसांनी, काटेकोर तपासणीने करायचे, ते तुटपुंज्या पैशात आणि रिकाम्या खुर्च्यांनिशी करू गेले, की हेच व्हायचे. शेकडा ०.६४ चा अर्थ असा रानात येऊन कळतो. कमी खर्चात केलेले संशोधन स्वस्त पडत नाही. त्याची किंमत पुडीमागून पुडीने शेतकरी भरतो.

शेंदरी अळीचा धडा

निसर्ग कोणाच्या धोरणाची वाट पाहत नाही. गुजरातेत प्रथम आणि मग महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीने बीटीला पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडकी निघाली. त्याच वर्षी पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. झाडच फवारा बाळगते म्हणून ज्याने पंप कोठीत टाकला होता, त्यानेच तो पुन्हा पाठीवर घेतला होता.

असे का झाले? याचेही उत्तर त्या संकराशी जोडलेले आहे. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापसाचे सरळ वाण पेरतात. हेक्टरी लाखावर झाडे, कमी दिवसांचे पीक, वेचून झाले की रान मोकळे. आपल्याकडे पुडी महाग, म्हणून झाडे विरळ. झाडे विरळ, म्हणून ती मोठी व्हायला वेळ. वेळ लागतो म्हणून पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रानात आणि वर फरदड. शेंदरी अळीला दुसरे काय हवे? पिढीमागून पिढी तिला जेवण तयार. त्यात संकरित झाडाच्या बोंडात काही सरक्यांत जनुक असते, काहींत नसते. अळीला थोडे विष, थोडे अन्न अशी सवय लागते आणि सवयीने ती निर्ढावते. सरळ वाणात प्रत्येक सरकीत जनुक असते. म्हणजे सरकी शेतकऱ्याला घरी ठेवता येणे आणि अळी आटोक्यात राहणे, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ते एकाच प्रश्नाचे दोन पदर आहेत.

पुडीसोबत १२० ग्रॅमची बिगरबीटी सरकी देत. ती शेताच्या कडेने लावली, तर तेथे वाढलेल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन चिवट अळ्यांची पैदास मंदावते. परंतु हे कोणी नीट समजावून सांगितले? कित्येकांनी ती पुडी बांधावर फेकून दिली. शास्त्र पुडीत होते, समजूत पुडीत नव्हती. दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकता येतात. बोंडअळी हाकता येत नाही.

पुन्हा नांदेड

आता या गोष्टीचा शेवट सांगतो. आणि तो निराशेचा नाही. नांदेडच्या त्याच केंद्राने अलीकडे बीटी कापसाचे तीन सरळ वाण काढले: एन-एच १९०१, १९०२ आणि १९०४. केंद्र सरकारची मान्यताही त्यांना मिळाली आहे. यात बसविले आहे ते पहिले, जुने बीटी जनुक. त्याचे भाडे आता कोणाला द्यावे लागत नाही. याची सरकी शेतकऱ्याने घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरली, तर पीक फाटत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहेच. फक्त त्या हक्काला शोभेल असा वाण इतके दिवस हाती नव्हता.

यामुळे एका रात्रीत सारे पालटेल, असे सांगणे म्हणजे वाचकांना फसविणे होईल. या जुन्या जनुकाला शेंदरी अळी आज जुमानत नाही. तेव्हा पीक लवकर काढणे, फरदड न घेणे, पऱ्हाटी वेळेवर उपटणे, कामगंध सापळे लावणे ही कामे चुकणार नाहीत. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. जी सरकी एकदा विकली, की पुन्हा विकावी लागत नाही, ती विकण्यात दुकानदाराला काय गोडी? तिची जाहिरात कोण करील? मोंढ्यातल्या भिंती कोण रंगवील? म्हणून असे बियाणे वाढवून गावोगाव पोचविण्याचे काम सरकारलाच आणि शेतकऱ्यांच्या संघांनाच करावे लागेल. २०२५ च्या अंदाजपत्रकात केंद्राने कापसाची उत्पादकता वाढविण्यासाठी पाच वर्षांची मोहीम जाहीर केली. तिच्या पैशांतील काही वाटा या साध्यासुध्या कामाकडे वळला, तर ती मोहीम सार्थकी लागली असे मी म्हणेन.

१९५८ च्या ठरावातील सूत्र चुकीचे नव्हते. तंत्र हेच खरे बळ. परंतु तंत्र म्हणजे आकाशातून पडणारा पाऊस नव्हे. ते कोणी तरी काढते, कोणाच्या तरी मालकीचे असते आणि कोणाच्या तरी खिशातून त्याची किंमत जाते. राष्ट्राने आपल्या पैशाने, आपल्या शास्त्रज्ञांकडून ते काढून घेतले, तर त्याचा लाभ विहिरीच्या पाण्यासारखा सर्वांना मिळतो. तसे न केले, तर तेच पाणी दरसाल घागरीने विकत घ्यावे लागते. कच्चा माल मुदखेडला होता आणि आहे. भांडवल आले आणि गेले. उस्मानशाहीचा भोंगा आता वाजत नाही. तंत्र तेवढे नांदेडच्या त्या जुन्या केंद्रात कसेबसे तग धरून राहिले. त्याला पुरेशी माणसे, पुरेसा पैसा आणि दहा-पंधरा वर्षांची निर्वेध मुदत देणे, हे विज्ञानधोरण. बाकीचे सारे कागदावरचे कापूस वेचणे!

फलाटावरच्या त्या म्हातारबुवांना मी त्या दिवशी या नव्या वाणाबद्दल सांगितले होते. गाडी शिट्टी देत होती. त्यांनी पिशवी काखेत मारली, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून विचारले,

"म्हंजी साहेब, घरची सरकी पेरता येईल म्हणता?"

"येईल, मामा."

"मग सांगा ना त्यास्नी, की आमच्या गावाला लवकर धाडा म्हून. माझ्याकडं लई मृग ऱ्हायले न्हाईत."

त्यांचा निरोप मी येथे पोचता केला आहे. ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांनी तो ऐकावा.